अक्काचा दिवस, माझ्या नावावर

लातूर
९ ऑगस्ट २०२४

प्रिय विनू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. निवृत्त होऊन दोन महिने झाले आणि दिवस खायला उठतो म्हणतेस. माझंही पहिलं वर्ष तसंच गेलं होतं. "अक्का, तू दिवसभर काय करतेस ते सविस्तर लिही," असं तू म्हणालीस म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते. मी फोन उचलत नाही म्हणून तू रुसलीस. विनू, मला फोनवर काही ऐकू येत नाही. उजवा कान जळकोटच्या शाळेत आपण शिकवत होतो तेव्हापासूनच मंद होता. आपल्या खोलीत तू कायम माझ्या डाव्या बाजूला बसायचीस, आठवतं ना. गेल्या दिवाळीपासून डावाही गेला, पूर्ण. डॉक्टरांकडे मी एकटीच जाऊन आले. राजशेखरला आणि सुनेला, आरतीला, वाटतं की आईला थोडं कमी येतं. समोरचं माणूस बोललं की मी ओठांवरून ओळखते. वर्गात इतकी वर्षं शेवटच्या बाकावरच्या पोरांचे ओठ वाचले, ते आता कामाला आलं. मोबाइलवर लिहिलं असतं, पण माझा मोबाइल राजशेखरच बघतो. म्हणून पत्र. हे तुझ्याजवळच राहू दे.

आता दिवस. सकाळी सहा ते आठ मागचं अंगण. नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना घालते. नऊला दोघं कामावर जातात, मग घरात मी आणि मनू. मनू म्हणजे नात, मनस्विनी, तीन वर्षांची. ती खेळते तेव्हा मी विणते. सुलट-उलट टाके बोटांना पाठ आहेत, सुयांकडे बघावं लागत नाही, मान वर राहते. दुपारी ती झोपली की तिच्या उशाशी बसून विणकाम. पुस्तक मात्र दिवसा हातात घ्यायचं नाही. ते संध्याकाळी, राजशेखर घरी आल्यावर, सात ते नऊ. तिन्ही गोष्टी रोज होतात, कुठलीच दुसरीच्या अंगावर येत नाही. मागच्या अंगणात अगदी शांत असतं.

रेणुकादासरावांना नमस्कार सांग.

तुझी,
सिंधुअक्का


नांदेड
२४ ऑगस्ट २०२४

प्रिय अक्का,

सा. न.

तुझ्या कानाचं वाचून मी तशीच बसून राहिले. यांनी दोनदा चहा मागितला. कुणाला सांगणार नाही, तू निश्चिंत राहा.

पण अक्का, तुझा दिवस काय सुंदर आहे! मी सकाळी उठल्यापासून मोबाइल बघून राहिले, दुपारी मालिका, संध्याकाळी परत मोबाइल. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पस्तीस वर्षं पोरांना 'छंद जोपासा' म्हणून निबंध लिहायला लावले, आणि स्वतःला एक छंद नाही. मी पण तुझ्यासारखं सुरू करावं म्हणते. अंगणात कोणकोणती झाडं आहेत? सध्या काय विणतेस? कोणता टाका? पुस्तकं कुठून आणतेस? सगळं बारीकसारीक लिही. तुझी भाषा किती साधी असते, वाचताना समोर दिसतं.

तुझी,
विनू


लातूर
८ सप्टेंबर २०२४

प्रिय विनू,

मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, अळू, गवती चहा, आणि भिंतीवर दोडक्याचा वेल. शेवंतीची रोपं आता लावली, दिवाळीपर्यंत येतील. मनूसाठी बिनबाह्यांचं स्वेटर विणते, पिवळ्या लोकरीचं. खाली चार बोटं दोन सुलट दोन उलट, मग साधं. टाका सुटला तर घाबरू नकोस, मागची ओळ उसवायची आणि परत धरायचं. उसवायला लाजायचं नाही, एवढंच विणकाम आहे. पुस्तकं वाचनालयातून, आठवड्याला एक.

मंगळवारी एक पुस्तक दिवसा संपवायला बसले. बसायला नको होतं. त्याचं नंतर कधीतरी लिहीन.

सुया आठ नंबरच्या घे. सुरुवातीला बऱ्या पडतात.

सिंधुअक्का


लातूर
१० ऑक्टोबर २०२४

विनू,

आरतीनं कॉलेजातून रविवारची पुरवणी आणली. "आई, तुमच्या नांदेडच्या मैत्रिणीचा फोटो आलाय. निवृत्त बायकांची 'माझा दिवस' म्हणून स्पर्धा होती, तिच्यात पहिल्या आल्या." मी चष्मा लावून वाचलं. भाज्या धुतलेलं पाणी, दोडक्याचा वेल, पिवळं स्वेटर, उसवायला लाजायचं नाही. सगळं होतं.

आरती म्हणाली, "अगदी तुमच्यासारखंच की हो." मी सांगितलं, आम्ही सहा वर्षं एका खोलीत काढली, सवयी सारख्या व्हायच्याच. खोटं बोलले. तुझ्यासाठी बोलले.

माझी वाक्यं घेतलीस त्याचं इतकं नाही. मागितली असतीस तर दिलीही असती. पण तू लिहिलंयस, "मागच्या अंगणातली शांतता मला प्रिय आहे. ती मी आयुष्यभराच्या गोंगाटातून कमावली आहे." तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथं मागचं अंगण कुठलं, ते असो. विनू, ती शांतता मी कमावलेली नाही. ती माझ्यावर आली आहे. मनू माझ्यासमोर तोंड उघडून हसते आणि ते हसणं कसं वाजतं ते मला माहीत नाही. तिचा आवाज मी ऐकला तो दोन वर्षांच्या पोरीचा होता. आता तो बदलला असेल. हे मी तुला लिहिलं नव्हतं, पण कान गेले एवढं तर लिहिलं होतं. ते माहीत असून तू तिला प्रिय म्हणालीस आणि त्याच्यावर बक्षीस घेतलंस.

यापुढे काय लिहावं कळत नाही.

सिंधु


नांदेड
२२ ऑक्टोबर २०२४

अक्का,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

सबब सांगत नाही, झालं तसं सांगते. स्पर्धेची जाहिरात ऑगस्टात आली. मी माझा दिवस लिहायला घेतला आणि तो चार ओळींत संपला. मोबाइल, मालिका, स्वयंपाक, झोप. तेवढ्यात तुझं पत्र आलं. आधी वाटलं, तुझं वाचून स्फूर्ती घेऊ. मग एक वाक्य घेतलं, मग दुसरं. मग कमी पडलं म्हणून तुला विचारून आणखी मागवलं. त्या दुसऱ्या पत्रात मी जे प्रश्न विचारले ते छंद लागावा म्हणून नव्हते. स्पर्धेसाठीच होते. शांततेचं वाक्य माझं स्वतःचं आहे, तेवढंच एक माझं. ते लिहिताना तुझे कान माझ्या मनातही आले नाहीत. हे तर सगळ्यात वाईट.

पुढचं ऐक. आमच्या इथं बायकांचं मंडळ आहे, मालविकाबाई अध्यक्ष आहेत. त्यांनी निरोप पाठवला, पंधरा तारखेला आम्ही सगळ्या तुमची बाग बघायला येतो. मला नाही म्हणता आलं असतं, पण मी रोपवाटिकेत गेले आणि रिक्षाभर कुंड्या घेऊन आले. यांनी दार उघडलं, कुंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "कुठं ठेवू?" अक्का, एवढंच. त्यांनी सगळं ओळखलं होतं. ते रागावले असते तर मी तिथंच थांबले असते.

बायका आल्या. कौतुक चाललं होतं. मालविकाबाई मोगऱ्याजवळ वाकल्या, म्हणाल्या, "ह्याला थोडी माती मोकळी करायला पायजे," आणि त्यांनी रोप जरा हलवलं तर ते मुळाच्या काळ्या पिशवीसकट हातात आलं. पिशवी मी काढलीच नव्हती, नुसती वरून माती लोटली होती. मालविकाबाईंनी ते रोप अलगद परत ठेवलं, हात झटकले आणि मला विचारलं, "चहात साखर कमी घालाल का माझ्या?" मग एकीनं विणकामाचा नमुना बघायला मागितला. मी मनगट दुखतंय म्हणाले. त्या पायऱ्या उतरून जाईपर्यंत मी दारात हसत उभी होते. नंतर मोरीत जाऊन तोंडात पदर धरून रडले.

मी हे दुरुस्त करीन. मंडळात सगळ्यांसमोर उभी राहून सांगीन. मला दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

विनू


नांदेड
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. दिवाळीतही आलं नाही. तरी लिहिते, कारण परवा रविवारी मी बोलले ते करून दाखवलं.

मंडळाचा दिवाळी फराळ होता, पन्नास-साठ बायका असतील. मी माइक मागून घेतला. म्हणाले, "तो दिवस माझा नाही. तो माझ्या मैत्रिणीचा आहे, लातूरच्या सिंधुअक्काचा. मी चोरला." मग मी तुझ्याबद्दल सांगत गेले. जळकोटला माझा ताप उतरेना तेव्हा तू रात्रंदिवस उशाशी बसलीस ते सांगितलं. तुझ्या बागेचं, विणकामाचं, वाचनाचं सांगितलं. म्हणाले, "कानानं अजिबात ऐकू येत नाही, घरात कुणाला कळूही देत नाही, आणि तरी ही बाई तीन वर्षांची नात सांभाळून एवढं सगळं करते. मी दोन्ही कान शाबूत असून मोबाइल बघत बसते." बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघीतिघी जवळ येऊन तुझं आडनाव, गल्ली विचारत होत्या.

अक्का, किती दिवसांनी मला झोप लागली. बक्षिसाची साडी मी पुरवणीच्या कार्यालयात परत करून आले. आता तरी लिहिशील ना?

तुझी,
विनू


लातूर
१ डिसेंबर २०२४

विनीता,

गल्ली विचारणाऱ्यांत आरतीची नांदेडची मावशी होती. त्याच संध्याकाळी तिनं आरतीला फोन केला.

मला काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात शेवंतीजवळ पाठमोरी बसले होते, मनूच्या स्वेटरचा गळा विणत. किती वेळ गेला कोण जाणे. सहज मान वळवली तर मागे तीन हातांवर राजशेखर उभा. मला वाटलं, हाका मारून राहिला. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, तोंड उघडं. माझा मुलगा रडताना मी त्याचे वडील गेले तेव्हा बघितला होता, त्यानंतर आता. मी काय केलं सांगू? मी हसून म्हणाले, "हाव रे, ऐकलं की. आले." तो मटकन खाली बसला. माझ्या तोंडासमोर येऊन हळू बोलला, म्हणजे मला ओठ दिसावेत म्हणून. "आई, मी काहीच बोललो नव्हतो. आता नुसता उभा होतो. हाका आधी मारल्या. वीस मारल्या."

त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

तू पन्नास बायकांसमोर माझं कौतुक केलंस. "तरी एवढं सगळं करते" म्हणालीस. आता ते कसं करत होते ते पण ऐक, म्हणजे तुला कळेल तू काय चोरलं होतंस. मी दिवसा पुस्तक का घेत नव्हते? पुस्तकात डोळे गेले की मनूवर राहत नाहीत, आणि कान तर नाहीतच. विणताना मान वर राहते, म्हणून विणकाम. आईबाप घरात असतात तेव्हा बाग. राजशेखर आला की वाचन. तू त्याला "छंदांचा सुरेख तोल" म्हणून छापलंस. ती बहिऱ्या बाईची चौकीदारी होती.

आणि ती पण मी एकदा मोडली. तीन सप्टेंबर, मंगळवार. पुस्तकाची शेवटची वीस पानं राहिली होती आणि मनू झोपली होती. म्हटलं, एवढी संपवू. मनू उठली कधी, न्हाणीघरात गेली कधी, आतून कडी सरकवली कधी, मला पत्ता नाही. मी दहा पावलांवर वाचत होते. शेजारचे मडिवाळप्पा भिंत ओलांडून आले, तेव्हा त्यांची सावली पानावर पडली म्हणून मी वर बघितलं. त्यांनी कडी तोडली. पोरगी लालभडक झाली होती, आवाज बसला होता. किती वेळ ओरडत होती ते मी त्यांना विचारलं नाही. मी म्हणाले, गोळी घेतली होती, झोप लागली. ते म्हातारे गृहस्थ, कुणाला बोलले नाहीत. संध्याकाळी आरतीला वाटलं पोरीला सर्दी झाली. ती तिला चमच्यानं आल्याचा काढा पाजत होती आणि मी शेजारी बसून चमचा धुऊन देत होते. बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मनूच्या कमरेला लोकरीचा धागा बांधायला लागले, दुसरं टोक माझ्या मनगटाला. ती हलली की मला कळायचं. आरती यायच्या आधी सोडून ठेवायचे.

हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

मनू आता पाळणाघरात जाते. आरती भांडली नाही. तिनं पिशवी भरली, डबा भरला आणि सकाळी घेऊन गेली. भांडली असती तर मला तोंड वर करता आलं असतं.

तुझ्यावर रागवावं तर, तू बोललीस ते खरंच होतं. आणि ते बोलणं माझं काम होतं. पण विनीता, ते मी तुझ्याजवळ ठेवायला दिलं होतं. एकदा तू ते नावासाठी वापरलंस आणि दुसऱ्यांदा स्वतःला झोप लागावी म्हणून.

काही दिवस पत्र लिहू नकोस.

सिंधु


नांदेड
१० जानेवारी २०२५

अक्का,

लिहू नकोस म्हणालीस, चाळीस दिवस लिहिलं नाही. हे एकच, लहान.

पुरवणीच्या संपादकांना मी खुलासा छापा म्हणून कागद नेऊन दिला होता. तुझं पत्र आल्यावर धावत जाऊन तो परत घेतला, कारण त्यातही तुझं नाव आणि तुझे कान होते. तो कागद फाडताना मला कळलं की मी प्रत्येक वेळी तुलाच पुढं करून माझं काहीतरी उरकत आले. लाजेनं माणूस सुधारतं असं मी पोरांना सांगायचे. माझी लाज तर नुसती धावत सुटली, आणि वाटेत तू होतीस.

आता काही करण्याआधी विचारते. मी लातूरला येऊ का? माफी मागायला नाही, ती पत्रातही मागता येते. आरतीसमोर उभी राहून, तुला बरं वाटणार असेल तर, सांगीन की गोष्ट फोडली ती मी. तुला नको असेल तर येणार नाही, आणि आरतीला काही लिहिणारही नाही. मडिवाळप्पांचं मी यांनाही सांगितलेलं नाही.

विनू


लातूर
२७ जानेवारी २०२५

विनू,

आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली होतं. त्यातलं "विचारते" वाचलं आणि मग माझं एक राहिलेलं काम केलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी आरतीला समोर बसवून तीन सप्टेंबरचं सगळं सांगितलं. पुस्तक, न्हाणीघर, काढा, धागा, काही ठेवलं नाही. ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, म्हणजे माझ्यासमोर ओठ हलवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मनूच्या पाटीवर लिहून आणलं, "मी तिला सर्दीचं औषध पाजत होते आणि तुम्ही बघत होतात. हे मला विसरता येईना." मी म्हणाले, विसरू नकोस. मग ती पाटी पुसून तिनं लिहिलं, "कानाच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे. मी येते सोबत." तपासणी झाली. डाव्या कानाला मशीन लावलं तर दार आपटल्याचं वगैरे थोडं कळेल म्हणतात, बोलणं नाही. बघू.

मनू पाच वाजता घरी येते. मला हाक मारायची तर गुडघ्यावर दोनदा थापटायचं, हे तिला आरतीनं शिकवलं. आता ती सगळ्यांनाच थापटते. पाळणाघरातल्या बाईंना पण.

आता एक तुला लिहायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं धाडस नाही. मनू पाळणाघरात जायला लागल्यावर पहिला महिना मी दुपारी नुसती भिंतीकडे बघत बसायचे. गेल्या आठवड्यात वाचनालयातून पुस्तक आणलं आणि जेवण झाल्यावर उघडलं. सव्वाचार तास वाचलं, एका जागी, मान खाली घालून. मधे एकदाही वर बघितलं नाही. कुणाला बघायचं नव्हतं. संपल्यावर कळलं की मानेतली, खांद्यातली जी कळ वर्षभर होती ती नव्हती. मला फार बरं वाटलं, विनू. पोर परक्याच्या दारात, आणि आजीला बरं वाटलं. काढा पाजताना वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली. दुसऱ्या दिवशी परत उघडलं आणि परत बरं वाटलं.

आरतीसमोर तुला काही सांगायची गरज नाही. तिला ठाऊक आहे, आणि तिचं म्हणणं, कुणीतरी सांगायलाच हवं होतं. मला ते अजून तितकं सरळ घेता येत नाही. तू समोर आल्यावर मला काय वाटेल ते मी आत्ता सांगू शकत नाही. राग येईल असं वाटतं. आला तर येऊ दे.

सहा फेब्रुवारीला, गुरुवारी, दुपारच्या गाडीनं ये. घरी मी एकटीच असते. बेल वाजवू नकोस, हाक मारू नकोस. दार नुसतं लोटलेलं असेल. सरळ आत ये आणि माझ्यासमोर येऊन उभी राहा.

सिंधुअक्का